पेटी, किल्ली आणि सिनेमा

माझ्या लोखंडी ट्रंकेत ३५ मिलिमीटर फिल्मचा वीतभर तुकडा आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना जत्रेतल्या तंबूत खेळ चालू असताना फिल्म तुटली. ऑपरेटरने खराब भाग कापून जोड मारला आणि कापलेला तुकडा बाहेर फेकला. आम्हा पोरांच्या झोंबाझोंबीत तो माझ्या हाती लागला. वीतभर फिल्म म्हणजे बारा चौकटी. पडद्यावरचा अर्धा सेकंद. रंग गुलाबीसर झाले आहेत, पण खिडकीशी धरला की त्यातला घोडेस्वार आजही दिसतो.

त्याच ट्रंकेत एकतीस मिनी डीव्ही कॅसेटी आहेत. २००४ ते २००८ या काळात टुरिंग टॉकीजचे जुने ऑपरेटर आणि मालक यांच्या मुलाखती मी त्यांवर चित्रित केल्या. पुढे कॅमेरा बिघडला आणि तो दुरुस्त करणारा मिळेना. काही कॅसेटी हार्ड डिस्कवर उतरवल्या होत्या. ती डिस्क एके दिवशी टकटक आवाज करून बंद पडली. बोलणारी बहुतेक माणसे आता हयात नाहीत. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा घोडेस्वार मला दिसतो आणि वीस वर्षांपूर्वी माझ्याशी बोललेला माणूस दिसत नाही, हे या लेखामागचे कारण.

डिजिटल तंत्राविषयी आपल्याकडे चर्चा होते ती चित्राच्या दर्जाची: फिल्मचा पोत उबदार, डिजिटलचा सपाट, वगैरे. हा वाद मला दुय्यम वाटतो. खरा बदल ताब्याचा आहे. सिनेमा पूर्वी एक वस्तू होता. आता तो परवानगी झाला आहे.

आधी जे मिळाले त्याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते आणि अडीच तासांच्या चित्रपटाला सुमारे १३,५०० फूट फिल्म लागते. चित्रीकरणात तर याच्या कित्येक पट. प्रत्येक फुटाला पैसे पडत असल्याने कॅमेरा चालू करणे हाच मोठा निर्णय असे. अलेक्झांडर सोकुरोव्हने ‘रशियन आर्क’ हा ९६ मिनिटांचा चित्रपट २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एकाच अखंड शॉटमध्ये, थेट हार्ड डिस्कवर चित्रित केला. फिल्मच्या कॅमेऱ्यात एवढे लांब रीळ मावलेच नसते.

पण हे झाले मोठ्या साधनांचे काम. मला अधिक मोलाचे वाटते ते रीमा दास यांचे ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (२०१७). आसाममधल्या स्वतःच्या गावात, साध्या स्थिरचित्रणाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन एकटीने करून त्यांनी हा चित्रपट उभा केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात पूर येतो, ओसरतो, गिटारची आस लागलेली धुनू मोठी होते. कॅमेऱ्याला घाई नाही. फिल्मच्या हिशेबात ही वाट पाहणे परवडले नसते. इथे स्वस्ताईने सौंदर्य घडवले आहे, आणि समीक्षेने ते मान्य करायला हवे.

आपल्या मालेगावचे उदाहरण तर घरचे. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला तो हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या भरवशावर. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ही मंडळी पाहताना हसू येते, आणि थोड्या वेळाने लक्षात येते की आपण त्यांच्या हौसेला नाही, आपल्या समजुतीला हसत होतो. सिनेमा मुंबईतच बनतो, ही ती समजूत.

प्रेक्षकाचीही सोय झाली. तालुक्याच्या थिएटरात प्रिंट यायची ती शहरांत झिजून, ओरखडे घेऊन, कित्येक आठवड्यांनी. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची व्यवस्था वाढली आणि मुंबईच्याच शुक्रवारी तालुक्यालाही नवा चित्रपट लागू लागला. हा न्यायच म्हणायचा.

मात्र याच टप्प्यावर पेटी गेली आणि किल्ली आली. आज थिएटरकडे येणारा चित्रपट म्हणजे कुलूपबंद फाइल. ती उघडायची सांकेतिक किल्ली वेगळी येते. ती ठरावीक यंत्रापुरती आणि ठरावीक तारखांपुरती चालते. मुदत संपली की फाइल समोर असूनही चित्र नाही. घरच्या पडद्यावरही तेच. आपण वर्गणी भरतो ती पाहण्याची, ठेवण्याची नाही. करार संपला की कालचा चित्रपट आज यादीतून नाहीसा होतो. व्हीसीडीचा जमाना कितीही धुरकट असला तरी ती चकती आपल्या कपाटात होती.

तंबूवाल्यांना या बदलाचा फटका कसा बसला, हे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावरच्या माहितीपटात दिसते. गंजलेले प्रोजेक्टर हे हातोडी-पान्याने दुरुस्त होणारे यंत्र होते. माझ्या कॅसेटींमधला एक ऑपरेटर सांगायचा, “मशीन बिघडलं तर रात्रीत खोलायचं, सकाळी जोडायचं.” नव्या यंत्राला असे खोलता येत नाही.

आता जपणुकीचा प्रश्न. फिल्म अमर होती असे मी म्हणणार नाही. आपल्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातचाही ठेवा होता. पण फिल्मचा एक गुण होता: ती दुर्लक्ष सहन करायची. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर घरोघरी, गोदामांत, भंगारवाल्यांकडे हिंडू शकले, कारण विसरलेल्या डब्यात काहीतरी उरलेले असायचे.

विसरलेल्या हार्ड डिस्कमध्ये तसे उरेलच याची खात्री नाही. ती दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावी लागते, आणि हे काम कधी संपत नाही. अमेरिकेच्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये ‘द डिजिटल डिलेमा’ या अहवालात हिशेब मांडला होता. फिल्मवरची मूळ प्रत जपायला वर्षाला १,०५९ डॉलर, तर फोर-के डिजिटल मूळ प्रत जपायला १२,५१४ डॉलर. किमती पुढे बदलल्या असतील, पण सतत नकला करत राहण्याची सक्ती टळलेली नाही. ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बराचसा भाग संगणकावरून पुसला गेला आणि राखीव नकलाही निकामी निघाल्या. चित्रपट वाचला तो एका तंत्रज्ञ बाईंच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून. एवढ्या धनाढ्य स्टुडिओची ही गत, तर एका चित्रपटानंतर बंद पडणाऱ्या आपल्या मराठी निर्मितीसंस्थांचे काय?

गेल्या वीस वर्षांत मराठी चित्रपटाने नवा बहर पाहिला. तो मोठ्या प्रमाणात डिजिटलमुळे शक्य झाला आणि आज निर्मात्यांच्या कपाटांतल्या डिस्कवर पडून आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या अनुदानाला एकच अट जोडावी: चित्रपटाची पूर्ण दर्जाची, कुलूप नसलेली प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करायची आणि ती ठरावीक वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवायची जबाबदारी संग्रहाने घ्यायची. ओटीटी कंपनीचा संगणक म्हणजे संग्रहालय नव्हे. ते दुकान आहे. न खपणारा माल दुकानदार काढून टाकतो, यात त्याचा दोष नाही.

माझ्यापुरते मी कामाला लागलो आहे. जुना मिनी डीव्ही प्लेअर शेवटी एका लग्नाच्या व्हिडिओग्राफरकडे धूळ खात पडलेला सापडला. एकतीसपैकी एकोणीस कॅसेटी वाचल्या. प्रत्येकीच्या तीन नकला केल्या आणि तीन वेगळ्या घरांत ठेवल्या. पाच वर्षांनी त्या पुन्हा उतरवायच्या, असे दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. उरलेल्या बारांतून नुसती मुंग्यांची खरखर ऐकू येते. त्या कॅसेटीही मी ट्रंकेतच ठेवल्या आहेत, फिल्मच्या तुकड्याशेजारी.