‘वॉटर रॅट्स’: बंदरातली उघडी पोरं

फ्रँक मेडो सटक्लिफ यांच्या ‘वॉटर रॅट्स’ या १८८६ सालच्या छायाचित्रात नजर आधी जाते ती होडीवर. व्हिटबी बंदरातलं उथळ पाणी, त्यात एक लहानशी होडी, आणि तिच्या आतबाहेर गावची उघडीनागडी पोरं. मागची जहाजं दमट हवेत विरघळून गेलेली. पोरांची अंगं तेवढी लख्ख, आणि त्यांची मोडकी प्रतिबिंबं पाण्यावर हलताहेत असं वाटतं.

या मोकळेपणाची किंमत कळायला तो काळ डोळ्यांपुढे आणावा लागतो. यॉर्कशायरच्या या मासेमारी बंदरात रेल्वे पोचली होती आणि रेल्वे-उद्योजक जॉर्ज हडसनने गावातल्या वेस्ट क्लिफवर पाहुण्यांसाठी नवी वस्ती वसवायला घेतली होती. त्या जमान्यातली सभ्य मंडळी समुद्रस्नानाला जात ती चाकांवरच्या लाकडी खोलीत बसून. घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई. आतल्या आत कपडे बदलायचे आणि पायऱ्यांवरून थेट लाटांत उतरायचं. इथल्या पोरांना ना खोली लागते, ना पोशाख. समुद्र त्यांच्या घरचाच आहे.

वरवर पाहता वाटतं, छायाचित्रकार सहज चालला होता आणि हे दृश्य समोर आलं. पण पाणी नीट पाहा: एवढी पोरं असून कुठे शिंतोडा उडालेला नाही. तिवईवरच्या जड कॅमेऱ्यासाठी सटक्लिफ आपल्या माणसांना क्षणभर थबकवत. खेळाला असं थोपवूनही त्यातला खेळकरपणा जराही सुकू दिला नाही, ही त्यांची खरी कमाल. पार्श्वभूमी धूसर ठेवल्याने सगळा प्रकाश पोरांच्या वाट्याला येतो, आणि जहाजं आहेत एवढं जाणवण्यापुरतीच उरतात.

या नग्नतेवरून स्थानिक धर्मगुरू संतापले, असं सांगतात. पुढे सातवा एडवर्ड म्हणून राजा झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने मात्र या छायाचित्राची मोठी प्रत मागवली.

सटक्लिफ यांचं पोट चाले ते उन्हाळी पाहुण्यांच्या स्टुडिओतल्या फोटोंवर. हंगामाच्या त्या कमाईवरच बंदरातल्या माणसांची ही चित्रं उभी राहिली. पर्यटनाने व्हिटबीला बरंच काही दिलं असेल. मला विचाराल तर त्यातलं सर्वांत मोलाचं देणं हेच, की पाहुण्यांच्या पैशावर जगणाऱ्या एका कलावंताला गावच्या पोरांकडे निवांत पाहायला सवड मिळाली.