‘हाताचा टप्पा’ : एका न्यायसंज्ञेची चिकित्सा

कायद्यातील शब्द हा व्यवहारातील शब्दाप्रमाणेच वापराने घडतो व वापरानेच सैल होतो. व्यवहारात अर्थ सैल झाला, तर त्याची नोंद कोशात होते. कायद्यात तो सैल झाला, तर एखाद्याच्या स्वातंत्र्याचा संकोच होतो. अटकेनंतर मोटारीची वॉरंटावाचून झडती घेण्याच्या अधिकारासंबंधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ ते २००९ या चाळीस वर्षांत दिलेले निर्णय या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. त्यांतील वाद वरकरणी पोलिसांच्या अधिकाराचा असला, तरी मुळात तो एका संज्ञेच्या अर्थाचा आहे.

१७९१ मध्ये स्वीकृत झालेली अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाची व्यक्ती, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. या संरक्षणाला न्यायालयांनी जे अपवाद मान्य केले, त्यांपैकी ‘अटकेच्या अनुषंगाने घेतलेली झडती’ हा एक होय. ‘चिमेल विरुद्ध कॅलिफोर्निया’ या १९६९ च्या निर्णयात न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी त्याची मर्यादा आखली. नाण्यांच्या दुकानातील चोरीच्या आरोपावरून एका इसमास त्याच्या घरी अटक करून पोलिसांनी सबंध घर धुंडाळले होते. न्यायालयाने ते अवैध ठरविले. झडती घ्यावयाची ती अटकेतील इसमाच्या अंगाची आणि त्याच्या निकट नियंत्रणातील जागेची, म्हणजे जेथून तो शस्त्र उचलू शकेल किंवा पुरावा नष्ट करू शकेल, तेवढ्याच टप्प्याची, असे सूत्र ठरले.

या सूत्राचे शब्दस्वरूप पाहण्याजोगे आहे. ‘टप्पा’ हे कोणत्याही जागेचे नाव नव्हे. तो एक संबंध आहे. कोणाचा हात, कोठून आणि कोणत्या क्षणी, हे तीन घटक सांगितल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. ‘जवळ’, ‘समोर’, ‘आत्ता’ हे शब्द जसे बोलणाराच्या स्थानकालावाचून पोकळ राहतात, तसेच येथेही घडते.

१९८१ च्या ‘न्यूयॉर्क विरुद्ध बेल्टन’ या निर्णयाने नेमका हा संबंध तोडला. वेगमर्यादा ओलांडणारी एक मोटार एकट्या पोलिसाने अडविली. तीत चौघे होते. गांजाचा वास आल्याने त्यांस बाहेर काढून अटक करण्यात आली, आणि मागील आसनावरील कातडी जाकिटाच्या बंद खिशातून कोकेन निघाले. न्या. स्टुअर्ट यांनीच लिहिलेल्या या निर्णयाने असे ठरविले की, मोटारीतील बैठकीच्या भागातील वस्तू, अपरिहार्यपणे नसल्या तरी सामान्यतः, हाताच्या टप्प्यात असतात. यास्तव तो संपूर्ण भाग, त्यातील बंद पेट्या-पिशव्यांसह, झडतीस पात्र होय. डिकी तेवढी वगळली गेली. ‘सामान्यतः’ या क्रियाविशेषणाने येथे मोठे कार्य केले. जे विधान बहुधा खरे, ते सर्वदा खरे मानावयाचे असा नियम झाला, आणि संबंधवाचक शब्द स्थलवाचक बनला. चिमेलची मूलतत्त्वे आपण बदलीत नाही, असे न्यायालयाने टिपेत नमूद केले. परंतु तत्त्व कायम ठेवून त्यातील शब्दाचा अर्थ बदलला, तर तत्त्व कायम राहिले असे म्हणता येत नाही. २००४ च्या ‘थॉर्नटन’ निर्णयाने हा नियम मोटारीतून नुकत्याच उतरलेल्या इसमासही लागू केला.

या अर्थांतराचा परिणाम ‘ॲरिझोना विरुद्ध गँट’ या खटल्यात उघड झाला. १९९९ मध्ये टूसॉन येथे, परवाना निलंबित असता मोटार चालविल्याबद्दल एकास अटक झाली. त्यास हातकड्या घालून गस्तगाडीत कोंडले होते. तरीही त्याच्या मोटारीची झडती झाली व कोकेन सापडले. झडती का घेतली, या प्रश्नास पोलिसाने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, कायद्याप्रमाणे ती घेता येते. धोका वा पुरावा यांचा उल्लेख त्याने केला नाही. नियमाचे कारण विसरले जाऊन केवळ त्याचे शब्द उरल्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

२१ एप्रिल २००९ रोजी न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ही झडती अवैध ठरविली. झडतीच्या वेळी अटकेतील इसम मोकळा असून बैठकीच्या भागापर्यंत त्याचा हात पोचण्यासारखा असेल तरच झडती वैध, असे सांगून निर्णयाने संज्ञेचे हरवलेले घटक तिला परत दिले. तथापि त्याच निर्णयाने दुसरी मुभाही दिली : ज्या गुन्ह्यासाठी अटक झाली, त्याचा पुरावा मोटारीत असल्याचे मानण्यास वाजवी आधार असल्यास झडती घेता येईल. ही मुभा थॉर्नटनमधील न्या. अँटोनिन स्कॅलिया यांच्या स्वतंत्र मतातून आली.

या निर्णयाचे वैगुण्य येथेच आहे. दुसऱ्या मुभेचा हाताच्या टप्प्याशी काहीही संबंध नाही. इसम कोंडलेला असला तरी ती लागू होते. दोन भिन्न कारणांनी उद्भवणारे दोन अधिकार ‘अटकेच्या अनुषंगाने’ या एकाच नावाखाली राहिले. त्यातही ‘वाजवी आधार’ म्हणजे ‘संभाव्य कारणा’पेक्षा कमी काय आणि किती, हे निर्णय सांगत नाही, आणि ही मुभा मोटारीपुरतीच का, याचे स्पष्टीकरण मोटारीच्या परिस्थितीच्या वेगळेपणाकडे बोट दाखविण्यापलीकडे जात नाही. न्या. सॅम्युएल अलिटो यांच्या विरोधी मतातील हे आक्षेप सयुक्तिक आहेत. पोलिसास रस्त्यावर क्षणात निर्णय करावा लागतो, म्हणून नियम ठळक हवा, या बाजूचेही वजन कमी नाही. परंतु नियमाचा ठळकपणा त्याच्या हेतूवर मात करू लागला, तर तो गुण राहत नाही.

गँटने बेल्टन रद्द केले नाही; त्याचे रूढ वाचन तेवढे नाकारले. या भाषेचा व्यावहारिक परिणाम २०११ च्या ‘डेव्हिस’ निर्णयात दिसला. जुन्या बंधनकारक वाचनावर विसंबून केलेल्या झडतीतील पुरावा त्यात ग्राह्य ठरला. अर्थ दुरुस्त झाला. पण दुरुस्तीपूर्वी ज्याची झडती झाली, त्यास तिचा लाभ मिळाला नाही. न्यायवचनातील संबंधवाचक शब्दास स्थलवाचक करण्याचा मोह किती महाग पडतो, हे यावरून ध्यानी येईल.