चिखल कुठे गेला? किनारी पक्ष्यांच्या छायाचित्रांविषयी

हिवाळा आला की कोकणच्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या खाड्यांवर पक्षी-छायाचित्रणाची शिबिरे भरू लागतात. दोन-तीन दिवसांचा मुक्काम, पहाटे व संध्याकाळी पोटावर पडून चित्रे टिपणे आणि दुपारी एकत्र बसून ती पाहणे, असा त्यांचा साधारण क्रम असतो. या शिबिरांतली चित्रे पुढे दिनदर्शिकांवर, प्रदर्शनांत, मोबाइलवर फिरतात आणि शाळेच्या भिंतीवरही येऊन पोचतात. आमच्या दीपनगरापासून समुद्र लांब. भुसावळहून मुंबईच सुमारे ४४० किलोमीटर. त्यामुळे चिखल्या, तुतवार, टिलवा, पाणटिवळा ही मंडळी इथल्या मुलांना पहिल्यांदा भेटतात ती बहुधा अशा चित्रांतूनच. पाठ्यपुस्तक आपण वर्गात नेण्याआधी तपासून घेतो. मग ही चित्रे का तपासू नयेत?

या प्रकारचे एक नमुनेदार चित्र डोळ्यांसमोर आणा. छोटा टिलवा उथळ पाण्यात उभा आहे. एक पाय किंचित उचललेला, डोळ्यात सूर्याचा ठिपका, खाली स्वच्छ प्रतिबिंब. मागे-पुढे काही नाही. नुसता मऊ, सायीसारखा रंग. पिसांच्या कडा एकेक मोजाव्यात इतके चित्र रेखीव. छायाचित्रकाराचे कौशल्य वादातीत आहे. आता मुलांना विचारा: हा पक्षी कुठे आहे? समुद्रावर की तळ्यावर? काय खातो? एकटा आहे की थव्यात? पाणी चढते आहे की उतरते आहे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चित्रात नाही. ज्या चिखलासाठी तो हजारो किलोमीटर उडून आला, तो चिखलच चित्रातून नाहीसा झालेला आहे. गंमत अशी की हे चित्र घेण्यासाठी छायाचित्रकार स्वतः चिखलात लोळलेला असतो!

चिखल जातो कुठे? उत्तर साध्या भूमितीत आहे. समजा, कॅमेऱ्यातील चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि भिंग ६०० मिलिमीटर नाभीय अंतराचे आहे. मग पक्षी १५ मीटरवर असताना चित्रात किनाऱ्याची किती रुंदी मावेल? ३६ भागिले ६०० गुणिले १५, म्हणजे ०.९ मीटर. विस्तीर्ण किनाऱ्यापैकी जेमतेम ९० सेंटिमीटरची पट्टी! भिंगाचे छिद्र एफ ५.६ असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोलीही सुमारे २० सेंटिमीटरच भरते. त्याच्या अलीकडचे व पलीकडचे सारे पुसट होते. कॅमेरा जमिनीलगत असेल तर हा पुसटपणा आणखी गाढ दिसतो.

ही गोष्ट वर्गात दाखवता येते. जाड कागदाची ३० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर व्यासाची नळी करा. एक डोळा मिटून तिच्यातून शाळेचे मैदान पाहायला सांगा. नळीतून सुमारे ४ अंशांचे दृश्य दिसते, या भिंगाइतकेच. पाच मिनिटे नळीतून आणि पाच मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहून मुलांनी दोन याद्या कराव्यात. दोन यादींतला फरक म्हणजे चित्राने गाळलेला मजकूर.

भूमिती आणखीही एक गोष्ट सांगते. छोटा टिलवा लांबीने जेमतेम १४ सेंटिमीटर. १५ मीटरवरून तो चौकटीच्या रुंदीचा सहावा हिस्साच व्यापतो. चौकट भरायची तर चित्र कापून मोठे करावे लागते, नाहीतर ५-६ मीटरपर्यंत पुढे सरकावे लागते. ‘पक्षी चौकटभर हवा’ ही आवड वरवर केवळ कलेची वाटते. पण तीच छायाचित्रकाराला पक्ष्याकडे ढकलत असते. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. चिखल गाळणे आणि पक्ष्याला उठवणे हे दोन वेगळे दोष नाहीत. दोन्ही एकाच आवडीतून येतात.

आधी गाळलेला धडा पाहू. चिखलात अन्नाचे जणू मजले असतात. वरच्या थरात बारीक किडे व अळ्या, थोडे खाली कृमी आणि छोटे शिंपले, आणखी खाली लांब वळवळे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, थबकतो आणि वर दिसलेला किडा टिपतो. टिलवा व तुतवार वरच्या थरात चोच खुपसतात. पाणटिवळा आणि वाकड्या चोचीचा कोरल यांची चोच खोलवर पोचते. अशा अनेक जातींच्या चोचीच्या टोकाशी सूक्ष्म संवेदनपेशी असतात. त्यांच्या आधारे न दिसणारे भक्ष्य जाणवते. काही जातींना पूर्ण चोच न उघडता नुसते टोक उघडता येते. म्हणून एकाच चिखलावर पाच-सहा जाती फारशी भांडणे न करता जेवतात. शाळेत ‘अनुकूलन’ शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण त्यासाठी चोच आणि चिखल दोन्ही एका चित्रात हवेत आणि शेजारी दुसऱ्या जातीचा पक्षीही हवा. एकट्या पक्ष्याच्या देखण्या चित्रात चोच ही नुसती नाकासारखी शोभेची वस्तू उरते.

आता दुसरा भाग. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला खाडीचा चिखल दूरवर उघडा पडतो. या पक्ष्यांचे घड्याळ सूर्यावर नाही, पाण्यावर चालते. चिखल उघडा असेल तोवर खायचे आणि पाणी चढले की उंचवट्यावर दाटीवाटीने उभे राहून विसावायचे. शिबिराचे वेळापत्रकही बहुधा याच क्षणाभोवती आखले जाते, कारण चढत्या पाण्याबरोबर पक्षी आपोआप जवळ येतात आणि एका जागी गोळा होतात. छायाचित्रकाराला सर्वांत सोयीची वेळ ती पक्ष्याच्या शेवटच्या घासाची आणि विश्रांतीची वेळ असते. तेव्हा थवा उठवला तर त्याला उडण्याचा खर्च पडतो आणि उतरायला दुसरी जागाही थोडीच उरलेली असते.

हा खर्च किती, हे समजण्यासाठी प्रवास लक्षात घ्यावा. टिलव्याचे वजन २०-३० ग्रॅम, आणि त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. परतीच्या प्रवासाआधी काही किनारी जाती चरबी साठवून आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या एका तरुण पाणटिवळ्याने अलास्का ते टास्मानिया असे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर न थांबता ११ दिवसांत कापले. त्याच्या अंगावरच्या उपग्रह-यंत्राने ते नोंदवले. ही जात हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येते. वाटेत खायला थांबा नाही; जे काही आहे ते आधीच चिखलातून कमावलेले. एकदा उठवल्याने पक्षी मरत नाही, हे खरे. पण एका सकाळी तीन गट आले आणि तिघांनीही ‘एकच उड्डाण’ मागितले, तर हिशेब बदलतो.

उड्डाणाच्या चित्रांबाबत म्हणूनच अधिक कडक व्हावे लागते. उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ होड्या नेल्या जातात, अशी तक्रार पक्षिमित्र वारंवार करत आले आहेत. मुंबईच्या समुद्रात कुरव पक्ष्यांना फरसाण फेकून कॅमेऱ्यासमोर आणले जाते. दोन्ही ठिकाणी चित्र सुंदर निघते. पण ते पक्ष्याच्या वागण्याचे नसून आपल्या वागण्याचे असते. विज्ञानाच्या शिक्षकाने त्याखाली ‘मुक्त विहार’ असे लिहू नये.

आवड बदलू शकते याला इतिहासाचा पुरावा आहे. आपल्या देशातील पक्षी-छायाचित्रणाची पहिली पिढी मुख्यतः घरट्याशी बसली. ई. एच. एन. लोथर यांचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक १९४९ सालचे. त्या काळचे कॅमेरे जड आणि भिंगे आखूड. पक्षी हमखास परत येणार अशी जागा एकच, घरटे. म्हणून शेजारी लपण उभारून वाट पाहायची. सलीम अलींबरोबर भारतात चित्रे टिपणारे सिंगापूरचे लोक वान थो हेही त्याच परंपरेतले. या चित्रांनी पक्ष्यांच्या विणीबद्दल पुष्कळ शिकवले. पुढे घरट्याजवळच्या वावराचे दुष्परिणाम ध्यानात आले, भिंगे लांब झाली, आणि अनेक स्पर्धा व नियतकालिकांनी घरट्यावरची चित्रे घेणे थांबवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते. एकेकाळी उत्तम मानलेले चित्र आज कोणी मागत नाही. चौकटभर पक्ष्याचेही तसे होऊ शकेल.

या शिबिरांचे श्रेयही मान्य केले पाहिजे. चिखल म्हणजे घाण आणि खाडी म्हणजे भराव टाकायची जागा, असे मानणाऱ्या शहरात ही शिबिरे माणसांना चिखलाच्या काठावर आणून बसवतात. टिलवे, तुतवार व चिखल्ये ओळखायला अवघड. आज हौशी मंडळींच्या चित्रांमुळे पिसांचे बारकावे पडताळून पाहता येतात. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्था पक्ष्यांच्या पायात कडी व रंगीत पट्ट्या घालतात. पट्टीवरची अक्षरे चित्रात वाचता आली तर तो पक्षी कुठून आला ते कळते. असे चित्र पुसट असले, तिरपे असले, तरी माझ्या मते ते सायीसारख्या पार्श्वभूमीच्या शंभर चित्रांपेक्षा मोलाचे.

हा सगळा विचार दीपनगरात बसून कशासाठी, असे कोणी विचारील. कारण या पक्ष्यांपैकी बरेच आपल्या जवळच येतात. तापी-पूर्णेच्या संगमाखाली, वरणगावजवळ, १९८२ साली पुरे झालेले हतनूर धरण आहे. पूर्णा काळ्या मातीच्या मुलखातून गाळ आणते. पावसाळ्यात धरणाचे ४१ दरवाजे उघडतात, तरी बराच गाळ मागे राहतो. हिवाळ्यापासून पाणी उतरू लागले की उथळ काठ आणि ओला चिखल उघडा पडतो. समुद्राची ओहोटी दिवसातून दोनदा. हतनूरची वर्षातून एकदाच, पण कित्येक महिने चालणारी! गाळपेर जमिनीच्या कडेने शेकाट्ये, तुतवार, टिलवे, चिखल्ये तेव्हा वावरताना दिसतात. आता कॅमेरे स्वस्त झाले, मोबाइल सगळ्यांकडे आहेत, आणि किनाऱ्यावर शिकलेली रीत इकडेही येणार.

इथे ती रीत अधिक महाग पडेल. कारण उन्हाळ्यात टिटवी, नदी सुरय, कंठेरी चिखल्या हे पक्षी उघड्या वाळूवर किंवा मातीवरच अंडी घालतात. भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते व अंड्यांवर सावली धरून बसते. माणूस जवळ बसून राहिला तर ती ओरडत भोवती फिरते, आणि आपल्याला ‘छान उड्डाण’ मिळते. तेवढ्या वेळात उघडी अंडी भाजून निघू शकतात. चित्रात मात्र पंख पसरलेली सुंदर टिटवीच दिसते.

शिक्षकमित्रांनो, चित्रे भिंतीवरून काढा असे मी म्हणत नाही. त्यांच्याखालची ओळ बदलू या. हल्ली चित्राखाली भिंग, छिद्र आणि शटरचा वेग लिहितात. त्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात: ठिकाण व पाण्याची स्थिती, पक्ष्यापासूनचे अंतर, चित्रापूर्वी पक्षी काय करत होता, आणि चित्रानंतर त्याने काय केले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘तेच करत राहिला’ असे असेल, तर चित्र उत्तम.

मुलांना हतनूरला नेता आले तर प्रत्येकाने दोन चित्रे काढावीत: एक पक्ष्याचे आणि एक त्याच जागेवरून सगळ्या काठाचे. दोन्ही शेजारी लावावीत. पुढे सरकताना पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली की तिथेच थांबायचे, दोन पावले मागे यायचे आणि ते अंतर पावलांत मोजून वहीत लिहायचे. मार्च ते जून काठावरच्या उघड्या जागेत पाऊल टाकायचे नाही. टिटवी डोक्यावर ओरडू लागली की मागे फिरायचे. वर्षाअखेर वह्यांतली ही अंतरे जातवार एका तक्त्यात मांडली, तर शाळेजवळ त्या काठाची स्वतःची अशी एक नोंद तयार होईल. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी.