परलोकास पाच प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बुलढाण्यास भगिनीच्या घरी मुक्काम असता, तिची मुले व त्यांचे सोबती एक खेळ खेळताना आम्ही दोन रात्री पाहिला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एकाने सूत्रधार होऊन कथा सांगावयाची, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या भूमिकेत शिरून ती पुढे न्यावयाची. दैवाचे काम फाशांकडे. तेव्हा खेळ असला तरी तो वाङ्मयाच्या शेजारचा आहे, आणि त्याची वाङ्मयीन चिकित्सा करण्यास प्रत्यवाय नसावा.

आमचे लक्ष वेधले ते त्यातील एका मंत्राने. मांत्रिकाने परलोकीच्या एखाद्या शक्तीस हाक घालून तिला प्रश्न विचारावयाचे. १९७८ च्या नियमग्रंथात ह्या मंत्राची योजना मोठी मार्मिक होती. लोक जितका दूरचा, तितके तेथील शक्तीचे ज्ञान अधिक. पण विचारणाऱ्याच्या बुद्धीस धोकाही तितकाच अधिक. एकदा भ्रम झाला की तो आठवडेच्या आठवडे टिके. आणि एवढे सोसून मिळालेले उत्तर खरेच असेल असेही नाही! आम्ही लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत पिशाच्चाने धनाचा हंडा परसात सांगितला की तो परसातच निघे. उत्तराविषयी संशय ठेवणे ही त्या नियमाची खरी प्रतिभा होय.

२०१४ च्या आवृत्तीत हाच मंत्र फार सौम्य झाला. प्रश्न पाच, उत्तरे बहुधा एकेका शब्दाची; फासा प्रतिकूल पडला तर मांत्रिक वेडा होतो खरा, पण एक रात्र स्वस्थ विश्रांती घेतली की पूर्ववत शहाणा. पहिल्या रात्री आमच्या भाच्याचा मांत्रिक असाच वेडा झाला, तेव्हा सारी मुले हसली, भाचाही हसला.

ते हसू ऐकून आम्हांस त्याच जिल्ह्यातील दुसरे एक स्थळ आठवले. पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू व मुसलमान दोघेही येतात, आणि ज्यांना ‘बाहेरचे’ झाले असे घरच्यांस वाटते त्यांना घेऊन येतात. त्या घरच्यांच्या दुःखाची थट्टा करणे आमच्या मनातही नाही. बाधा झालेल्या माणसास आपल्याकडे ‘झाड’ म्हणतात. झाड बोलू लागले की ठिकठिकाणचे देवऋषी त्यास विचारतात: तू कोण? कोठला? काय घेतल्यावर जाशील? म्हणजे परलोकास प्रश्न विचारण्याचा प्रकार येथेही आहेच. भेद एवढाच की, खेळात जो विचारतो तोच भोगतो. येथे विचारणारा एक आणि भोगणारा दुसरा, किंबहुना पुष्कळदा दुसरी. उत्तराचा संशय येथेही येतो, पण भूत खोटे बोलते असे ठरले की मार बसतो तो जिवंत देहास. भूत काढण्याच्या मिषाने साखळदंडाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे ह्यांस महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात नावानिशी बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे.

ह्या खेळाने मुले चेटूक शिकतील अशी ओरड १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाली होती. ती आम्हांस पोकळ वाटते. आमची तक्रार नेमकी उलट आहे. भ्रमिष्ट झालेला माणूस दुसऱ्या सकाळी बरा होतो हे असत्य, राक्षस व उडते सर्प ह्यांच्याहून अधिक असत्य आहे; आणि ज्या गावाहून सैलानीची वाट जाते तेथल्या मुलांना तरी ते पटू नये.

हे आम्ही सूत्रधार झालेल्या भाचीस बोलून दाखविले. (मामांची टीका हा सुट्टीतला नित्याचाच त्रास!) दुसऱ्या रात्री तिने जुना नियम लावला. पहिला प्रश्न विचारताच मांत्रिकाची शुद्ध हरपली, ती परत येईना. सोबत्यांना त्याचा हात धरून चालवावे लागले, घास भरवावे लागले. वेशीवरच्या पहारेकऱ्याने ‘ह्याला काय झाले आहे?’ म्हणून विचारले, तेव्हा काय सांगावे ह्यावरच अर्धा तास वाद झाला. उरलेले प्रश्न तसेच राहिले.