रक्त स्वस्त, जागा महाग

ड्रॅक्युलाने लंडनला जायचं ठरवलं तेव्हा आधी काय केलं? वकील बोलावला. ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या कादंबरीची सुरुवातच एका जागेच्या व्यवहाराने होते. जोनाथन हार्कर हा तरुण वकील ट्रान्सिल्व्हेनियात पोचतो तो खरेदीची कागदपत्रं घेऊन, आणि काउंट त्याला इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचत पडलेला सापडतो. पुढे पर्फ्लीटचा कारफॅक्स वाडा, पिकॅडिलीतलं घर, पूर्व लंडनमधल्या आणखी जागा, आणि मायदेशच्या मातीने भरलेली पन्नास खोकी. एवढी तजवीज करून आलेला हा गृहस्थ माणसांच्या मानेला चावतो हे वाचकांच्या पक्कं लक्षात राहिलं. तो शहरभर जागा घेत सुटला होता, याचा मात्र विसर पडला.

आजचा व्हॅम्पायर एकटा उरलेला नाही. तो राहतो त्या शहरात वेअरवुल्फ आहेत, चेटकिणी आहेत, भुतं आहेत, या सगळ्यांच्या मागावर असलेले शिकारी आहेत, आणि खुद्द व्हॅम्पायरांतच चार-सहा तट आहेत. कोणाची हद्द कुठपर्यंत, शिकार कुणी कुठे करायची, नवा माणूस आपल्यात कुणाच्या परवानगीने घ्यायचा, याचे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कादंबऱ्या, चित्रपट, मालिका आणि व्हिडिओ गेममध्ये या मांडणीचं पेव फुटलं. त्यातलं टिकाऊ फार थोडं. जे टिकलं त्यातल्या तटांचं भांडण त्या शहराच्या खऱ्या भांडणातून उगवलेलं आहे. बाकी ठिकाणी शहर म्हणजे मागचा रंगवलेला पडदा आणि तट म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे गणवेश.

व्हॅम्पायरांना समाज दिला तो ॲन राइसने. 1976च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये न्यू ऑर्लीन्सचा मळेवाला लुई पॅरिसला जातो, तेव्हा तिथल्या व्हॅम्पायरांचं एक नाटकगृहच असतं. माणसं व्हॅम्पायरांची सोंगं काढतात असं समजून प्रेक्षक टाळ्या वाजवतात. रंगमंचावर असतात खरे व्हॅम्पायर. ही मंडळी नियम सांगतात, खटला चालवतात आणि शिक्षाही करतात.

या बीजाचं झाड केलं ते 1991मध्ये आलेल्या ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड’ या खेळाने. मार्क राइन-हेगनने रचलेला, व्हाइट वुल्फ कंपनीने काढलेला हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. प्रत्येक खेळाडूने एक व्हॅम्पायर व्हायचं. शहरावर एका ‘प्रिन्स’चा अंमल असतो. कामारिला हा प्रस्थापितांचा तट, ॲनार्क हे बंडखोर तरुण, आणि सब्बात हे माणसांना उघड उघड चारा समजणारे. कामारिलात सात कुळं: व्यापार आणि सत्ता सांभाळणारे व्हेंट्रू, कलेच्या नादी लागलेले टोरेडोर, विद्रूप चेहऱ्यामुळे गटारांत राहणारे पण सगळ्या शहराची गुपितं बाळगणारे नॉस्फेराटू, वगैरे. सगळ्यांत मोठा कायदा एकच, आपण आहोत हे माणसांना कळू द्यायचं नाही.

ही मांडणी इतकी चालली याचं कारण कुळांच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही. कारण आहे अमरत्वात. माणसांच्या शहरात म्हातारा मालक कधीतरी मरतो, गादी रिकामी होते, वारस भांडतात आणि गाडा पुढे सरकतो. इथे गादीवरचा मरतच नाही. चारशे वर्षांपूर्वी बसलेला अजून बसलेलाच आहे, आणि काल व्हॅम्पायर झालेल्या पोराला त्याच्या हाताखाली अनंतकाळ उमेदवारी करायची आहे. पहिल्या पुस्तकाने नमुन्याचं शहर म्हणून इंडियाना राज्यातलं गॅरी निवडलं, पोलादाच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं आणि त्या धंद्याबरोबरच खचलेलं. शेजारीच शिकागो झगमगत असतं. गॅरीच्या प्रिन्सला शिकागोत कुणी विचारत नाही, आणि तरीही तो आपला मान सोडत नाही. इथे भीती रक्ताची नाही, कायमचं ताटकळत राहण्याची आहे. त्या वर्षांतल्या अमेरिकन तरुणांना ती न सांगता कळली असावी.

या खेळावर बेतलेला ‘ब्लडलाइन्स’ हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर 2004मध्ये आला. मला विचाराल तर या प्रकारातलं सर्वांत नीट रचलेलं शहर अजूनही त्यातलंच. लॉस एंजेलिसचे चार भाग: सांता मोनिका, डाउनटाउन, हॉलिवूड आणि चायनाटाउन. तुम्हाला परवानगीशिवाय व्हॅम्पायर केलेलं असतं, म्हणून तुम्हाला घडवणाऱ्याचं डोकं भर सभेत उडवतात. तुम्हाला जीवदान मिळतं ते नव्याने शहरात आलेल्या लाक्रुआ या प्रिन्सला डाउनटाउनच्या बारमध्ये बसणाऱ्या ॲनार्कांची मर्जी राखायची असते म्हणून. राहायला एक कळकट खोली मिळते. पहिलं मोठं काम काय, तर सांता मोनिकातल्या एका जुन्या हॉटेलातलं भूत घालवणं. ते कशासाठी? क्लब चालवणाऱ्या थेरीस व्होरमनला त्या हॉटेलचं नूतनीकरण करायचंय आणि भुतामुळे काम अडलंय. अख्ख्या खेळातला अंगावर काटा आणणारा भाग हाच, आणि त्याच्या मुळाशी अडकलेला बांधकाम प्रकल्प आहे. (थेरीस आणि तिच्या बहिणीचं पुढे काय निघतं ते सांगत नाही, ज्याचं त्याने पाहावं.) लोकांसमोर आपलं रूप पाच वेळा उघडं पडलं की खेळ संपतो. मोकळ्या रस्त्यावर उभं राहून हात आखडता ठेवायला लागणं, यातून शहरात नवख्या माणसाला येणारा संकोच जितका जाणवतो तितका कुठल्याही संवादातून जाणवला नसता.

दोषही आहेत. शेवटचा तिसरा हिस्सा घाईघाईने उरकलेला, नुसत्या मारामाऱ्यांचा आहे. चायनाटाउनमधला आशियाई तट म्हणजे कारस्थानी पौर्वात्यांचं जुनंच घासलेलं चित्र. बाकीच्या शहराला मिळालेली बारीक नजर त्याला मिळालेली नाही. हा गेम करणारी ट्रॉइका ही कंपनी 2005मध्ये बंद पडली. तेव्हापासून चाहतेच त्याची डागडुजी करत आले.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे 2003चा ‘अंडरवर्ल्ड’. व्हॅम्पायर विरुद्ध वेअरवुल्फ, शतकानुशतकांचं वैर, काळं चामडं, निळा उजेड आणि सतत पाऊस. चित्रीकरण बुडापेस्टमध्ये झालं, पण पडद्यावरच्या शहराला नावसुद्धा नाही. वेअरवुल्फ पूर्वी व्हॅम्पायरांचे गुलाम होते ही कल्पना चांगली आहे. पण ते गुलाम कुठल्या वस्तीत राहत होते, आता कुठे राहतात, सामान्य माणसांचं त्यांच्याशी काय नातं, यातलं काहीच चित्रपटाला जाणून घ्यायचं नाही. आपली कल्पना उचलली म्हणून व्हाइट वुल्फने तेव्हा दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. उचललं असेलच, तर गणवेश तेवढे उचलले.

मॉस्कोचं प्रकरण वेगळं. सर्गेई लुक्यानेन्कोची ‘नाइट वॉच’ 1998 साली आली, म्हणजे सोव्हिएत व्यवस्था कोसळल्याला सात वर्षं झाली असताना. उजेडाच्या आणि अंधाराच्या बाजूंनी युद्ध थांबवून तह केलेला आहे. रात्रीची गस्त उजेडवाल्यांची, ती अंधारवाल्यांवर नजर ठेवते. दिवसाची गस्त अंधारवाल्यांची, ती यांच्यावर. आणि व्हॅम्पायरांना माणसं मारण्याचे परवाने मिळतात. बळी सोडतीने ठरतात, आणि परवाना देतात उजेडवाले. नायक अंतोन हा याच खात्यातला नोकरदार, आणि त्याच्या इमारतीत राहणारा कोस्त्या हा व्हॅम्पायर पोरगा त्याच्याशी दोस्तीने वागतो. चांगल्या बाजूचा माणूस खुनाच्या कागदावर शिक्का मारतो आणि संध्याकाळी त्याच जिन्याने घरी जातो. या कोंडीपुढे ‘अंडरवर्ल्ड’मधला सगळा गोळीबार फिका आहे. तिमूर बेकमाम्बेतोव्हच्या 2004च्या चित्रपटात गस्तीचं पथक शहराच्या दिवाबत्ती खात्याच्या पिवळ्या ट्रकमधून फिरतं. एवढ्या एका ट्रकने मॉस्को उभं राहतं.

शहराच्या खऱ्या भांडणात हात घालायचा तर जबाबदारी येते, आणि ती सगळ्यांना पेलत नाही. 2018मध्ये ‘मॅस्करेड’च्या पाचव्या आवृत्तीच्या एका पुस्तकात, चेचन्यात समलिंगी पुरुषांचा जो प्रत्यक्ष छळ चालला होता तो व्हॅम्पायरांनी आपल्या कारभारावर घातलेला पडदा म्हणून दाखवला गेला. टीका झाली. नोव्हेंबरमध्ये मालक कंपनी पॅराडॉक्सने माफी मागितली, तो भाग काढून टाकला आणि व्हाइट वुल्फचा स्वतंत्र कारभारही संपवला. खऱ्या जुलमाचं श्रेय काल्पनिक राक्षसाला दिलं की खरे जुलमी सुटतात, हे लेखकांना छापण्याआधी कळायला हवं होतं.

विनोदाने या प्रकाराचं मर्म जास्त ओळखलं. वेलिंग्टनमध्ये घडणाऱ्या ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ (2014) या चित्रपटात एका घरात राहणारे व्हॅम्पायर भांडी कोणी घासायची यावर भांडतात. पुढे त्यावर 2019 ते 2024 अशी मालिका आली, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधली. या मंडळींना नवं जग जिंकायला धाडलेलं असतं. प्रत्यक्षात त्यांच्या ताब्यात स्वतःची गल्लीसुद्धा धड नसते. मग ते स्थानिक नगरसभेत सत्ता मिळवायला जातात.

लांबलेल्या मालिकांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. न्यू ऑर्लीन्समधली ‘द ओरिजिनल्स’ सुरुवातीला फ्रेंच क्वार्टर कोणाचं या प्रश्नावर पकड घेते, मग कौटुंबिक शापांत हरवते. जिम बुचरच्या शिकागोतल्या ‘ड्रेस्डेन’ कादंबऱ्यांत लाल, पांढरे, काळे असे व्हॅम्पायरांचे दरबार, परींचे दरबार आणि त्यांचे करारमदार वाढत जातात, आणि शिकागो हळूहळू लहान होत जातं. वर्षानुवर्षं रखडून ऑक्टोबर 2025मध्ये आलेला ‘ब्लडलाइन्स 2’ सिअॅटलच्या बर्फात घडतो. खेळाडूला त्यात थेट जुनाजाणता, बलाढ्य व्हॅम्पायर केलंय, म्हणजे ताटकळण्याची ती मूळ भीती पहिल्याच मिनिटाला संपली. छपरांवरून उड्या मारायला मजा येते. खाली रस्त्यावर कोणाशी काम पडत नाही.

त्याच वर्षी रायन कूगलरने ‘सिनर्स’मध्ये महानगर सोडून मिसिसिपीतलं 1932चं क्लार्क्सडेल घेतलं, आणि आपल्या विषयाचा गाभा तिथे सापडला. शिकागोहून परतलेले दोन कृष्णवर्णीय जुळे भाऊ गाण्याबजावण्याचा अड्डा काढण्यासाठी एक जुनी लाकूड गिरणी विकत घेतात, आणि विकणारा क्लू क्लक्स क्लॅनचा असतो. बाहेर येतो तो आयरिश व्हॅम्पायर, सगळ्यांना सामावून घेण्याची भाषा बोलणारा. बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही हा जुना नियम इथे नवा होतो, कारण आपल्या मालकीचा उंबरठा असणं हीच या माणसांची पहिली कमाई आहे.

आपल्याकडे या मांडणीला जमीन कमी नाही. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात सीमेवरच्या देवचाराचा मान ठरलेला असतो. हद्द, गस्त, मानपान सगळं तयार आहे. नारायण धारपांनी ‘लुचाई’त रक्तपिपासू मराठी गावात आणला, तोही स्टीफन किंगच्या आधाराने, शहर त्यांनी घेतलं नाही. आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’त (2022) व्हॅम्पायर नव्हते, पण डोंबिवलीची टोलेजंग सोसायटी आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातली दरी होती, म्हणून ते तट खरे वाटले. त्याच दिग्दर्शकाच्या ‘थामा’त (2025) वेताळ आणि लांडगा समोरासमोर येतात ते मात्र पुढच्या हिंदी चित्रपटाची सोय म्हणून. त्या झुंजीत कुठल्याच शहराचं काही पणाला लागलेलं नाही.

या वाटेने नव्याने जाणाऱ्याने ‘नाइट वॉच’ कादंबरीपासून सुरुवात करावी. जमलं तर जुन्या ‘ब्लडलाइन्स’मधला सांता मोनिकाचा भाग खेळावा, ‘सिनर्स’ मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नये. ‘अंडरवर्ल्ड’ राहून गेला तरी काही बिघडत नाही.