कृषिजैवविविधतेच्या नोंदी : पारपत्र-वर्णकांची एक मर्यादा

जनुकपेढीतील वाणाचा नमुना कोठून, केव्हा व कोणत्या स्वरूपात मिळाला, याची नोंद म्हणजे त्या नमुन्याचे पारपत्र. हा मेटाडेटा जगभर एकाच साच्यात असावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि 'इप्ग्री' यांनी २००१ मध्ये बहुपीक पारपत्र-वर्णके प्रसिद्ध केली; २०१२ व २०१५ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या.

या साच्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. पारंपरिक वाणास ३०० व सुधारित वाणास ५०० असे संकेतांक असल्याने शेतकऱ्यांनी राखलेला आंबेमोहर आणि निवड पद्धतीने काढलेला आंबेमोहर १५७ यांची गल्लत टळते. प्रश्न उद्भवतो तो नावांचा. वाणाची अनेक नावे अर्धविरामाने जोडून लिहिण्याची सोय आहे. परंतु कोणते नाव कोणत्या भाषेतील, कोणत्या गावातील, हे नोंदविण्यास स्वतंत्र रकाना नाही. संकलनस्थळाचे वर्णनही शक्यतो इंग्रजीत अपेक्षित आहे. देणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिता येते, तेही देणाऱ्या संस्थेचा संकेतांक उपलब्ध नसेल तरच. पिढ्यान्‌पिढ्या बी राखणाऱ्या गावाच्या वाट्याला मग उरतो तो 'शेरा' हा मोकळा रकाना, आणि शेऱ्यातील मजकूर संगणकाला शोधून देणे कठीणच.

ही उणीव केवळ तांत्रिक नव्हे. २००१ मध्येच भारतात पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम १८ नुसार नोंदणीच्या अर्जात पितृवाणांची संपूर्ण पारपत्र-माहिती तर हवीच. शिवाय वाणाच्या घडणीत शेतकरी वा ग्रामसमुदायाचे योगदान असल्यास तेही नमूद करावे लागते. कलम ४१ अन्वये समुदायाच्या वतीने तसा दावाही करता येतो. म्हणजे कायदा जे विचारतो, त्याला प्रमाणित नोंदीत जागाच नाही. पुरावा गोळा करण्याचा भार अर्थातच दावेदार गावावर पडतो.

रकाने वाढविले की ते रिकामे राहतात, हा जनुकपेढ्यांच्या बाजूचा आक्षेप अनुभवाला धरून आहे. तथापि येथे रकान्यांची संख्या वाढविण्यापेक्षा नाव, भाषा, लिपी व गाव यांचा एकत्रित, पुनरावृत्तीक्षम गट करणे पुरेसे ठरेल. व्यक्तीचे नाव मात्र तिच्या संमतीनेच नोंदवावे. जुन्या नमुन्यांच्या बाबतीत संकलकांच्या क्षेत्रवह्या जेथे शिल्लक असतील, तेथून आरंभ करता येईल.