हंसाच्या पाठीवरून भूगोल

पाठ्यपुस्तक म्हणून जन्माला आलेले पुस्तक साहित्य म्हणून टिकून राहावे, असा योग क्वचितच येतो. भूगोलाच्या पुस्तकाच्या वाट्याला तर तो जवळजवळ येतच नाही. परीक्षा संपली की ते रद्दीत जाते आणि त्यातील नद्या, पिके व राजधान्या स्मरणातून ओसरू लागतात. या नियमाला एक ठळक अपवाद म्हणजे स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफ यांचे 'निल्स होल्गरसनचा अद्भुत प्रवास' हे पुस्तक. प्राथमिक शाळेतील मुलांना स्वदेशाचा भूगोल कळावा, म्हणून तेथील शिक्षक संघटनेने १९०२ साली ते लिहून मागितले आणि १९०६ व १९०७ साली दोन भागांत ते प्रसिद्ध झाले. मुलाला देश शिकवावा म्हणजे नेमके काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्यात आहे. ते उत्तर कितपत खरे उतरते, हे येथे पाहावयाचे आहे.

लागरलॉफ स्वतः शिक्षिका होत्या. लँड्सक्रोना येथील मुलींच्या शाळेत त्यांनी सुमारे दहा वर्षे शिकवले होते. वर्गातील मुलाचे लक्ष कोठे जडते आणि कोठे उडते, याचे ज्ञान त्यांना पुस्तकांतून मिळवावे लागले नाही. काम स्वीकारल्यावर त्यांनी प्राणी, वनस्पती, लोककथा व उद्योगधंदे यांची माहिती गोळा केली, उत्तरेकडील प्रांतांतून प्रवासही केला. अडचण होती ती मांडणीची. प्रांतामागून प्रांत घेतला तर यादी होते. आणि यादीवर कोणाचे प्रेम बसत नाही.

त्यांनी शोधलेली युक्ती अशी. दक्षिणेकडील स्कोने प्रांतातील निल्स हा चौदा वर्षांचा आळशी व दुष्ट पोर. रविवारी आईवडील चर्चला गेले असता तो घराची राखण करणाऱ्या बुटक्याला, म्हणजे 'टोम्टे'ला, जाळ्यात पकडतो. आपल्या कोकणातील राखणदाराचा हा जणू दूरचा भाऊबंद. सुटकेच्या बदल्यात बुटका जे देऊ करतो त्यावर निल्सचे समाधान होत नाही. तो दिलेला शब्द मोडतो आणि शिक्षा म्हणून अंगठ्याएवढा होतो. त्याच वेळी घरचा पांढरा हंस मोर्टेन आकाशातील रानहंसांच्या मागे उडू पाहतो. त्याला अडवायला निल्स त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि त्याच्यासह वर उचलला जातो. पुढे म्हातारी हंसिणी आक्का हिच्या नेतृत्वाखाली थवा थेट लॅपलँडपर्यंत जातो आणि शरद ऋतूत परततो.

वरून पाहता निल्सला प्रथम दिसते ते चौकटींचे एक प्रचंड कापड. हिरव्या चौकटी कसल्या, करड्या कसल्या, हे त्याला उमगत नाही. मग हळूहळू ओळख पटते: हिरवी ती मागच्या शरदात पेरलेल्या राय धान्याची शेते, पिवळट करडी ती कापणीनंतर उरलेली खुंटे. शेतकऱ्याच्या पोराला स्वतःच्याच गावची जमीन नव्याने ओळखावी लागते. नकाशा म्हणजे काय, हे याहून चांगले कोणत्या धड्यात सांगितले असेल? नकाशा हा शब्दही न उच्चारता मुलाला नकाशा वाचता येऊ लागतो.

पोलिश कवी चेस्लाव मिवोश यांनी १९८० सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात या निल्सची आठवण काढली होती. तो पृथ्वीवरून उंच उडतो आणि त्याच वेळी तिचा बारीकसारीक तपशीलही पाहतो. या दुहेरी दृष्टीत त्यांना कवीच्या कार्याची प्रतिमा दिसली. आमच्या मते भूगोलाच्या शिक्षकाचे कार्यही हेच आहे. मात्र उंचीइतकेच महत्त्व निल्सच्या लहान होण्याला आहे. अंगठ्याएवढ्या मुलाला कोल्हा, पाऊस, थंडी, भूक हे सर्व खरे असते. ज्या प्राण्यांना त्याने छळले त्यांच्याच दयेवर त्याला जगावे लागते. देशाची ओळख त्याला उपकाराच्या नात्यातून होते.

या पद्धतीचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणजे टोकेर्न सरोवराची कथा. हे उथळ, पक्ष्यांनी गजबजलेले सरोवर उपसून शेतजमीन मिळवावी, असा घाट घातला जात आहे. प्रत्यक्षातही १८४०च्या दशकात त्याची पातळी उतरवण्यात आली होती. कथेत शेतकऱ्याचे लहान लेकरू आपल्या लाडक्या रानबदकाच्या शोधात सरोवरावर जाते आणि हरवते. आई काठाकाठाने हाका मारीत फिरते, तेव्हा तिला पक्ष्यांचा आकांत ऐकू येतो. आपले एक मूल हरवले तर ही अवस्था, मग या सर्वांच्या पिलांचे काय, हा विचार तिच्या मनात येतो आणि सरोवर उपसण्याचा विचार मागे पडतो. पाणथळ जागेची व्याख्या पाठ केलेले मूल ती विसरेल. ही आई मात्र ते विसरणार नाही. आपल्याकडची तळी आणि खाजणे बुजवली जात असताना हा धडा स्वीडनपुरता राहत नाही.

तसेच एका एकाकी घरातील प्रसंग. म्हातारी शेतकरीण मरून पडली आहे. तिची मुले अमेरिकेला गेली आहेत. निल्स तिच्याजवळ रात्रभर बसतो आणि त्याला स्वतःच्या आईवडिलांची आठवण होते. स्थलांतर हा भूगोलाचा रूक्ष विषय येथे एका रिकाम्या घराचे रूप घेतो. ज्यांची मुले आखातात वा कॅनडात आहेत, अशा आपल्या कुटुंबांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

स्मोलंडच्या दंतकथेत तर संत पेत्रालाच उभे केले आहे. तो प्रांत घडवण्याचे काम तो हौसेने अंगावर घेतो आणि जमीन खडकाळ करून ठेवतो; मग प्रभू तेथील माणसे उद्योगी व समाधानी घडवतो. नापीक जमीन आणि कष्टाळू माणसे यांचे नाते मुलांना हसत हसत कळते.

असे असले तरी पुस्तक निर्दोष नाही. पंचावन्न प्रकरणांत काही ठिकाणी पाठ्यपुस्तकाचे ओझे कथेला झेपत नाही. कोणी तरी बोलू लागतो, बोलता बोलता मास्तर होतो आणि निल्स केवळ श्रोता उरतो. इंग्रजी अनुवादिका व्हेल्मा स्वॉन्स्टन हॉवर्ड यांनी निव्वळ भौगोलिक असा काही मजकूर वगळला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे माहिती कथेतून सोलून काढता येते, तेथे ती दोहोंपैकी एकाला जड झालेली असते. टोकेर्नची कथा अशी सोलता येत नाही. दुसरा दोष न्यायाचा. हालांड या प्रांताच्या वाट्याला जेमतेम उल्लेख आला, याचा तेथील लोकांना विषाद वाटला आणि तो रास्त होता. ज्या मुलाचे गाव पुस्तकात नाही, त्याला आपले गाव देशात आहे हे कोणी सांगावे?

तरीही पुस्तकाचा शेवट सर्व उणिवांवर मात करतो. मोर्टेन म्हणजे मार्टिन. स्कोनेत संत मार्टिनच्या सणाला हंस रांधण्याची चाल आहे. निल्स पुन्हा माणूस व्हायचा तर मोर्टेन सुरीखाली जावा, अशी बुटक्याची अट त्याच्या कानी आलेली असते. घराशी आल्यावर आईवडील मोर्टेनला धरतात, तेव्हा आपले ठेंगणे रूप त्यांना दिसेल याची पर्वा न करता निल्स त्याला वाचवायला धावतो आणि त्याच क्षणी माणूस होतो. मोबदला मात्र द्यावा लागतो: पक्ष्यांची भाषा त्याला यापुढे कळत नाही.

भूगोलाच्या शिक्षणाची कसोटी आमच्या मते येथे आहे. आपल्याकडेही प्राथमिक शाळेत मुलाला स्वतःच्या जिल्ह्यापासून भूगोल शिकवण्याची परंपरा आहे आणि ती योग्य आहे. तालुके आणि पिके मुलांनी अवश्य पाठ करावीत. नावांवाचून ओळख होत नाही. पण गृहपाठाची वही मिटल्यावर पालकांनी आणखी एक प्रश्न विचारावा: या जमिनीचे, या पाण्याचे आणि येथे राबणाऱ्या हातांचे आपण काय लागतो? ज्या मुलाला हा प्रश्न पडला, त्याचा भूगोल सुरू झाला असे समजावे.